षट्कोनी मामा

मोरा हे गाव महसुली दप्तरात रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आणि सिडकोच्या नकाशात नवी मुंबईत मोडत असले, तरी तेथील माणसाचा जुना व्यवहार समोरच्या भाऊच्या धक्क्याशी, आणि तोही समुद्राच्या मर्जीने चालतो. कारण भरती ओसरली की गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही, आणि मग मंत्री असो वा मासळीवाली, दोघांनाही सारखेच ताटकळावे लागते. अशा ठिकाणी, जेथे हवेतच मीठ आहे आणि खिडकीच्या गजापासून इंजिनाच्या बोल्टापर्यंत कोणतेही लोखंड चार पावसाळ्यांपलीकडे आपले मूळ रूप राखू शकत नाही, तेथे लोखंडाविषयी कडवी मते बाळगणारा एक वर्ग निर्माण व्हावा, यात नवल नाही. त्या वर्गाचे प्रातिनिधिक पुरुष म्हणजे मामा. प्रत्येक बंदरात असे एक मामा असतातच. ते नेमके कोणाचे मामा, हे विचारण्याचा प्रघात नाही.

मामांची हयात लाँचच्या इंजिनाशेजारी गेली आणि निवृत्तीनंतरही गावातील कोणत्याही होडीचे इंजीन त्यांच्या सल्ल्याखेरीज उघडले जात नाही. त्यांचा एकमेव सिद्धान्त असा की रिंग पाना असावा तर सहा कोनांचा. बारा कोनांचा पाना नटाला केवळ कोपऱ्यांच्या टोकांशी धरतो; नट नवा असेपर्यंत तो हा उद्धटपणा सहन करतो, परंतु खाऱ्या वाऱ्यात मुरलेल्या, गंजाने निम्मा खाल्लेल्या नटावर तोच पाना जोर लावून ओढला की कोपरे झिजतात, नट गोल होतो, आणि पुढील कारभार छिन्नी-हातोड्याच्या, व तेवढ्यानेही न भागल्यास गॅस कटरच्या स्वाधीन करावा लागतो. सहा कोनांचा पाना मात्र नटाच्या सहाही बाजूंना जवळ घेतो. विरुद्ध पक्षाची कैफियत अशी की इंजिनाच्या अडचणीच्या जागेत बारा कोनांचा पाना तीस अंशांवर पुन्हा बसतो, आणि सहा कोनांच्या पान्याला साठ अंश फिरायला जागा लागते. हा युक्तिवाद मामा एका वाक्यात खारीज करतात: “हात फिरायला जागा नसेल तर इंजीन बसवणाऱ्याची चौकशी करा, पान्याची नको.” मला स्वतःला बारा कोनांचा पाना सोयीचा वाटतो, पण हे मत मोऱ्यात उच्चारण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.

इथवर मामा एक जाणते कारागीर ठरतात. व्यक्तिचित्राचा विषय ते होतात तो पुढच्या अटीमुळे. हा सहा कोनांचा पाना युरोपातला, शक्यतो जर्मनीतला हवा आणि शिवाय तो स्वस्त हवा.

या अटीचा उगम शोधू गेल्यास आपण दारूखान्यात पोहोचतो. भाऊच्या धक्क्यावरून पायी गाठता येणाऱ्या या भागात एके काळी जुनी जहाजे फोडली जात, आणि मामांच्या तारुण्यात तेथे इंजीनघरातील हत्यारे भंगाराच्या ढिगात पडून वजनावर विकली जात. जर्मनीतल्या रेमशाइडचा शिक्का असलेला, काळसर पण रेसभरही न झिजलेला सतराचा पाना मामांनी तेथे किलोच्या भावाने घेतला, तो दिवस त्यांच्या अर्थशास्त्राचा आरंभ आणि अखेर ठरला. जर्मन पोलाद आणि भंगाराचा दर यांची जी जोडी त्या ढिगात जमली होती, तीच सृष्टीची मूळ व्यवस्था होय, व त्यापेक्षा अधिक पैसे मागणारा दुकानदार लुटारू होय, असा त्यांचा ग्रह झाला. जहाजफोडीचा मोठा व्यवसाय १९८३ पासून गुजरातेत अलंगला उभा राहिला आणि दारूखान्याचा झरा आटत गेला, याला मामा औद्योगिक घडामोड मानीत नाहीत. तो आपल्या एकट्यावर झालेला अन्याय मानतात. त्यात भर म्हणजे १९८९ मध्ये शेजारीच न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. हँबुर्ग-रॉटरडॅमचा माल दृष्टीच्या टप्प्यात उतरू लागला, पण सगळा मोहोरबंद पेट्यांत! एकही पेटी फुटून तिच्यातून पाना पडल्याचा दाखला नाही.

नाशिकच्या सातपूरला स्वीडनच्या तांत्रिक साहाय्याने सुरू झालेल्या तापडियाच्या कारखान्याची हत्यारे मामांच्या पेटीत आहेत आणि रोजचे काम त्यांवरच चालते. पण घरच्या माणसाचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत नाही.

अशा मनःस्थितीत मामांचा सख्खा भाचा संगणकाच्या नोकरीवर कोलोनला गेला. आईने लोणचे दिले, गावाने आशीर्वाद दिले, आणि मामांनी एक फर्द दिली. कोलोनहून रेमशाइड हाकेच्या अंतरावर. हाझेटचा कारखाना तिथला १८६८ चा, गेडोरचा १९१९ चा, आणि शेजारच्या वुपरटालमध्ये श्टालविले १८६२ पासून. हा इतिहास मामांनी कसा संपादन केला कोण जाणे, परंतु स्वतःच्या लग्नाचे साल त्यांना विचारून पाहा. फर्दीत मापेही नोंदलेली होती, आणि त्यांत एक बारकावा होता. जर्मनांच्या जुन्या मानकाप्रमाणे दहा मिलिमीटरच्या बोल्टाला सतराचा पाना लागतो व बाराच्या बोल्टाला एकोणीसचा. नव्या आंतरराष्ट्रीय मानकाने तेथे सोळा आणि अठरा आणले. मामांनी ही दुरुस्ती नामंजूर केलेली असून, सोळाचा पाना आणल्यास तो स्वीकारला जाणार नाही, असा स्पष्ट शेरा मारला होता.

भाच्याने तपास केला तेव्हा त्याला पहिला धक्का बसला. गोटी पाने सहा कोनांचे हवे तितके. परंतु रिंग पाने पाहावेत तर जर्मनीच्या दुकानांतही बहुतेक बारा कोनांचे! ज्या भूमीला मामा षट्कोनाची काशी समजत होते, तेथे प्रतिपक्षाचेच राज्य होते. मागणी नोंदवून सहा कोनांचा मिळत असे, पण त्याची किंमत ऐकून मामांनी फोन कानापासून दूर धरला. मग जुना बाजार झाला. तेथे सापडलेल्या एका देखण्या पान्याचे कोन मामांनी व्हिडिओ कॉलवर चष्मा पुसून मोजले आणि बारा भरताच “ठेव तिथंच” एवढाच फैसला दिला. भाचा सपत्नीक स्लोव्हेनियात सरोवर पाहायला गेला, तेव्हा मामांना सरोवरात यत्किंचितही रस नव्हता. युनिओरचा कारखाना असलेले झ्रेचे तेथून किती लांब, आणि त्यांची हत्यारे जर्मनांहून स्वस्त पडतात का, एवढेच त्यांनी विचारले. सुनेने त्या प्रवासातील उरलेला काळ मौनात घालविला, असे समजते.

अखेर भाचा सुट्टीवर आला. तेवीस किलोंच्या सामानात चॉकलेटे की लोखंड, या प्रश्नावर घरात काय रुजवात झाली ते ज्ञात नाही. परंतु कपड्यांच्या घडीतून एक पाना निघाला. सतराचा, रिंग, सहा कोनांचा, किराणा आणि चड्ड्या-बनियन विकणाऱ्या कुठल्याशा सवलतीच्या दुकानातला. मामांनी तो उजेडाकडे धरला, कोन मोजले, नखाने कड तपासली आणि उलटा केला. दांड्यावर बारीक अक्षरे होती: ‘मेड इन इंडिया’.

जालंधर-लुधियानाकडची घडीव हत्यारे युरोपात जातात, ही व्यापारी वस्तुस्थिती भाच्याला त्या क्षणी नव्याने समजली आणि तो ओशाळला. मामा मात्र प्रसन्न झाले. मुंबईच्या हत्यारबाजारात, नागदेवी स्ट्रीटवर मिळतो तो माल आणि हा माल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, असे त्यांनी जमलेल्यांना समजावून सांगितले; तिकडचा कोणी तपासलेला नसतो, हा जर्मनाने पारखून पसंत केलेला आहे. सुनेने, तर मग नागदेवीलाच एक्स्पोर्टचा मागितला असता तर, असे काहीसे म्हटले. तिकडे दुर्लक्ष झाले.

“केवढ्याला?” मामांनी विचारले. भाच्याने युरो सांगितले, मग रुपये सांगितले. मामांनी पाना तळहातावर दोनदा वर-खाली तोलला.

“तसं नव्हे. किलोला काय पडला?”

भाचा फोन काढून भागाकार करू लागला, तोवर एकोणीसची मागणी नोंदवून मामा धक्क्याकडे निघूनही गेले होते.