गुलाबी नगरी आणि यंत्राचा शेरा

१८७६ साली वेल्सच्या युवराजाच्या स्वागतार्थ महाराजा सवाई रामसिंहांनी जयपूर गुलाबी रंगाने रंगवून घेतले असे सांगतात, आणि पाहुण्यासाठी चढविलेला तो लेपच नगरीचे खरे रूप म्हणून जगाने मान्य केला. तेव्हा समाजमाध्यमांवरील फसवी चित्रे हुडकण्यास नेमलेल्या कृत्रिम प्रज्ञेने येथे कोणता शेरा मारावा, हा नाजूकच प्रश्न आहे.

ही प्रज्ञा मोठी विनयशील. चित्र नकली असे ती छातीठोकपणे सांगत नाही. संभाव्यतेचा टक्का पुढे सरकवून मोकळी होते. २०२३ मध्ये गूगलने यंत्रनिर्मित चित्रांत अदृश्य खूण गोंदण्याची विद्या काढली खरी, परंतु खूण न गोंदणारे यंत्र वापरणाऱ्या लबाडाचा बंदोबस्त तिने कसा करावा? शिवाय जुन्या दंगलीचे छायाचित्र कोणी आजचे म्हणून धाडले, तर यंत्र त्यास अस्सलतेचाच दाखला देणार, आणि तो दाखला खराही असणार!

सरकारदरबारी याहून रामबाण इलाज सिद्ध आहे: इंटरनेटच बंद करावे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक-पात्रता परीक्षेसाठी जयपुरात तसा हुकूम सुटला. प्रश्नपत्रिका त्याआधीच, याच नगरीतील शिक्षा संकुलातून, कसल्याही जालाची अपेक्षा न ठेवता बाहेर पडली होती, सबब फेब्रुवारी २०२२ मध्ये परीक्षेचा दुसरा स्तर रद्द करावा लागला. फुटलेली ती प्रत मात्र सर्वस्वी अस्सल होती. कोणत्याही यंत्राने तिला शंभरपैकी शंभर गुण दिले असते.