शनिवारी घाणा बंद

"म्हंजे तुपल्या लेकीचं घर ज्यूंच्या आळीत हाय? आन् हे मला आज सांगायलीस?"

जीजींनी कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं बाजूला सारलं आणि ज्वारीचं सूप तसंच हातात धरून त्या पुढं सरकल्या. आता तासाभराची निश्चिंती.

आळीत ज्यू आता थोडेच उरलेत, मी म्हटलं, पण नाव इस्राएल आळीच आहे. अलिबागच्या बाजारपेठेजवळ. तिथं त्यांचं प्रार्थनाघर आहे, मागेन अबोथ, 1848 सालचं. बेने इस्राएल म्हणतात या लोकांना.

"आले कुठून ते?"

"समुद्रातून."

"मासे हायेत का काय!"

मग सगळं सांगावं लागलं. अलिबागच्या उत्तरेला नवगाव म्हणून गाव आहे. तिथल्या किनाऱ्याशी त्यांच्या वाडवडिलांचं जहाज फुटलं. सात बाप्ये आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. लाटांबरोबर आलेली प्रेतं तिथंच पुरली, त्या जागी आज स्मारक आहे. दोन हजार वर्षं झाली म्हणतात ते. अभ्यासकांचं मात्र सालाबद्दल अजून एकमत नाही.

"सात आन् सात?" जीजींचं सूप थांबलं. "बरोबर जोडीजोडीनं वाचले? समुद्र लई हिशेबी म्हणायचा!"

खरं तर ही शंका मोठमोठ्या पंडितांनाही आली आहे, पण त्यांना ती मांडायला पानंच्या पानं लागली. "घराण्याच्या गोष्टीत असंच जुळतं गं," जीजींनी स्वतःच निकाल दिला. "मपल्या माहेरात अख्खी भावकी तीन भावांपासून निघाली म्हणतेत. चौथा असंलच की. भांडून गेला आसंल."

पोथ्या बुडाल्या, ग्रंथ बुडाले. पोटासाठी या लोकांनी तेलाचा घाणा धरला. बोलायला मराठी, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. एवढंच की शनिवारी घाणा जुंपायचा नाही. गाव त्यांना म्हणू लागलं शनिवार तेली.

"मंग त्येंचं नुकसान काय झालं? शनिवारी तसंबी तेल घरात आणत न्हाईत."

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी निमूट पुढं गेले. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेलीही होते, म्हणून तर वारावरून ओळख पडली. सोमवार म्हटल्यावर जीजींचे हात आपोआप कपिलधारच्या देवस्थानाच्या दिशेनं जोडले गेले. "महादेवाचा वार. नंदीला जू न्हाई लावायचं. बरोबरच हाय."

बरं, ओळख पटली कशी ती गोष्ट ऐका. डेव्हिड रहाबी नावाचा एक जाणता ज्यू कोकणात आला. या लोकांना प्रार्थनेचं 'शेमा' हे एक वचन तेवढं पाठ, मुलांची सुंता करतात, शनिवार पाळतात. पण कागद नाही, पत्र नाही. याला वाटलं, पारखून बघू. त्यानं बायकांपुढं मासे ठेवले, सगळ्या जातीचे मिसळून, आणि म्हणाला, रांधा. बायांनी खवलं आणि पर असलेले तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. त्यांच्या धर्मशास्त्रात नेमकं तेच सांगितलंय.

जीजींनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे बाप्यांना काय विचारलंच न्हाई?"

"गोष्टीत तरी नाही."

"विचारून काय उपेग होता! मपला दीर उसतोडीला गेला तो कोल्हापूरकडंच राहिला. त्येच्या पोरांना कुळाचं नाव सांगता येईना. पण जाऊ नवरात्रात घट मपल्या सासूच्याच रितीनं बसवती. फोनवर विचारती मला, आक्का, माती कोणती घ्यावं."

ज्या गावात घाणा त्या गावाचं आडनाव. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. सिनेमातले ते टकलू, हसरे डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, ते चेऊलकर. जीजींनी ओळखलं. "आगं, तो तर आपला वाटायचा!"

आणि दिव्याचे दिवेकर. यांतल्या सामाजी हसाजी दिवेकरांची तर मोठीच कथा. इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत मांडवीला प्रार्थनाघर बांधलं. सुटलो तर बांधीन, असा नवस होता म्हणतात. रस्त्यालाही नाव पडलं, सॅम्युअल स्ट्रीट. लोक त्या इमारतीला मशीदच म्हणायचे, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं पुष्कळजण सांगतात. पुढच्याच वर्षी दिवेकर ग्रंथाची गुंडाळी आणायला कोचीनला गेले आणि तिकडंच वारले.

"नवस फेडून गेला. सुटला."

1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तेव्हा इथं वीस हजारांच्या आसपास होते, आता काही हजार. तिकडं पोचल्यावर मात्र लग्नाचा प्रश्न आला. 1962 साली तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं: बेने इस्राएलांशी सोयरीक करायची तर आधी त्यांची आई, आजी, पणजी तपासा.

"बग! आन् मासे?"

माशांवर भागेना. मग यांनी जेरुसलेमात धरणं धरलं. 1964 साली तिथल्या संसदेनं ठराव केला की हे सगळ्या बाबतीत बरोबरीचे ज्यू, तेव्हा कुठं धर्मगुरूंनी नमतं घेतलं.

"लई सोसलं बिचाऱ्यांनी."

बिचारे कसले, जीजी. इथं होते तेव्हा त्यांच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट होते. गोऱ्यांच्या घरात काळ्यांची मुलगी द्यायची-घ्यायची नाही.

जीजी खदखदून हसल्या. "मंग ते पक्के आपल्यातलेच! कागद कशाला बगायला पायजे?"

महामार्गावरून एक ट्रक भोंगा वाजवत घाटाकडं गेला. तो दूर जाईपर्यंत थांबून मी मलिद्याचं सांगितलं. एलियाहू नावाच्या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं ते नवस बोलतात, मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहू रथातून स्वर्गात जाताना उमटलेल्या, अशी त्यांची श्रद्धा.

"मलिदा? तो तर उरुसाला दर्ग्यावर असतो. पोळी कुस्करायची, गूळ, तूप."

"त्यांचा पोह्यांचा असतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड घालून. सोबत फळं."

"पोह्याचा?" जीजींनी सूप उचललं आणि असं पाखडलं की फोलपटं माझ्या अंगणात आली. "त्येला मलिदा कामून म्हणावं?"

"कोकणात गहू कुठं, जीजी?"

"मंग भाकरीचा करावं!"