टोमॅटो घेऊन सुरी बघायला

भाऊकाका सुरी विकत घ्यायला जात नाहीत, बघायला जातात. मुली बघायला जाण्याचे दिवस आमच्या डोंबिवलीतूनही संपले, पण काकांच्या या कार्यक्रमाला अजून तोच थाट असतो: इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा पुसायचं फडकं आणि कापडी पिशवीत एक पिकलेला टोमॅटो.

"अहो, सुऱ्या काय डोंबिवलीत मिळत नाहीत?" काकू दर वेळी विचारतात.

"मिळतात ना. पत्रे मिळतात, पत्रे!" असं म्हणून काका स्लो लोकल पकडतात, कारण फास्ट गाड्या मशीद बंदरला थांबत नाहीत. तिथून चालत नागदेवी स्ट्रीट. पाने, पकडी, करवती, कानशी यांच्या त्या गल्लीत काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो नातवाच्या बारशालाही दिसला नव्हता.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. त्यामुळे सुरीची मूठ कुठल्या रंगाची आहे, हे त्यांना दिसतच नाही. ते विचारतात, "पाणी कसं दिलंय?" नवखा पोऱ्या असला तर तो मुकाट्याने प्यायचं पाणी आणून देतो. ते पिऊन काका त्याला समजावतात, की पातं लाल तापवून तेलात नाहीतर पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण नुसतंच कडक राहिलं तर आपटून तुकडा पडतो. म्हणून पुन्हा मंद आचेवर तापवून त्याची मस्ती थोडी उतरवायची. "माणसाचंही तेच," हे ते शेवटी म्हणतातच. पोऱ्या तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

मग परीक्षा सुरू. पातं आणि मूठ जिथे जुळतात तिथे बोट धरून सुरी तोलायची. धार वर करून ट्यूबलाइटखाली धरायची आणि एक डोळा मिटायचा. धारेवर पांढरी रेघ चमकली तर सुरी बोथट, कारण खऱ्या धारेला उजेड परतवायला जागाच नसते. मुठीतले रिव्हेट नखाने चाचपायचे. पात्याचं शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलंय की मध्येच थांबलंय, हे विचारायचं. मालक "पूरा गया है काका" म्हणाला तरी स्वतः बघायचं. आणि सगळ्यात शेवटी पिशवीतून टोमॅटो निघतो. सुरी न दाबता, नुसत्या वजनाने सालीत शिरली पाहिजे. मालक निमूटपणे टोमॅटोखाली जुना कागद सरकवतो. टोमॅटोच्या फोडी होतात, दुकानातले सगळे मीठ नसल्याची हळहळ करत त्या खातात, आणि काका म्हणतात, "बघू. पुढच्या खेपेला."

गंमत पुढेच आहे. दुकानाची पायरी उतरल्याबरोबर काका मोबाइल काढतात आणि तीच सुरी ऑनलाइन कितीला आहे ते बघतात. ती स्वस्त दिसली की त्यांना दुकानदाराचा राग येतो, महाग दिसली की कंपनीचा. दोन्हीकडे भाव सारखा असेल तर दोघं मिळालेले आहेत असा संशय येतो.

ऑनलाइनवर त्यांचा विश्वास नाही, पण तिथले अभिप्राय मात्र ते रोजच्या पेपरासारखे वाचतात. तेही फक्त एक तारावाले. "पाकीट वेळेवर आलं, अजून वापरून पाहिलं नाही" असं लिहून पाच तारे देणाऱ्या लोकांविषयी त्यांनी मला जिन्यात गाठून बरंच ऐकवलं आहे.

बंगळुरूच्या मुलाने एकदा दमास्कस नक्षीची सुरी ऑनलाइन पाठवली. पात्यावर पाण्याच्या लाटा. "अरे, ज्या पोलादाने दमास्कसच्या तलवारी गाजल्या, ते पोलाद गेलं होतं आपल्या दक्षिणेतून," काकांनी आधी इतिहास सांगितला. मग काथ्या घेऊन बसले. थोड्याच वेळात लाटा ओसरल्या. नक्षी वरवर छापलेली होती. काकांना इतका आनंद झाला, की मुलाला फोन लावून त्यांनी त्याचे आभार मानले.

दुसऱ्या खेपेला मात्र मुलाने खरी जपानी सुरी धाडली. पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्याला काका म्हणाले, "थांब जरा, टोमॅटो आणतो." तो बिचारा खरंच थांबला. सुरी अशी चालली, की काका गप्प झाले. हे फार क्वचित होतं. त्या पोलादाचा कडकपणा रॉकवेलच्या मापात साठाच्या वर, आपल्या नेहमीच्या सुऱ्या पन्नाशीत घुटमळणाऱ्या, हे काकांनीच नंतर सांगितलं. तिने नारळ फोडायचा नाही, हाड तोडायचं नाही, नाहीतर धारेचा टवका उडतो, असा दंडकही घातला. काकू म्हणाल्या, "मग ती देवघरातच ठेवा." तेव्हापासून ती मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात आहे. खंडेनवमीला बाहेर निघते, हळदकुंकू लावून घेते, परत जाते. धार लावायची हुक्की आली की काका तिला नागदेवीलाच नेतात, आणि "ऑनलाइनवाला लावून देतो का धार?" असं दुकानदारालाच विचारतात, जणू ती त्यानेच मागवली होती.

घरात भाजी चिरली जाते ती तिसऱ्याच सुरीने. काकूंनी ती लेडीज डब्यात घेतली. कुर्ला ते घाटकोपरच्या दरम्यान, हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीची, सोबत सोलाणं फुकट. काकांनी तिला कधी ट्यूबलाइटखाली धरलं नाही. पण रात्री ओटा आवरला की ते गुपचूप कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर तिला चार हात मारून ठेवतात, हे काकूंना माहीत आहे. आपल्याला माहीत आहे, हे मात्र त्या सांगत नाहीत.

तर तुम्हाला सुरी घ्यायची असेल, तर भाऊकाकांना जरूर बरोबर न्या. त्यांच्याइतकं पोलाद आमच्या भागात कुणाला कळत नाही. टोमॅटोचा खर्च तुमचा, परतीच्या वाटेवरचा चहा त्यांचा. फक्त रविवारी जाऊ नका. नागदेवीची बहुतेक दुकानं बंद असतात.