अपुन सोडा, लालो धरा

अमेरिकेत शाळा उघडायला आल्या होत्या आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या सिंडी कॅम्पबेलला नवे कपडे हवे होते. पैशांसाठी ११ ऑगस्ट १९७३ ला तिने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला घरचाच माणूस: भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हिपहॉपचा जन्म त्या रात्रीचा धरतात. तेव्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या जिभेवरून बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी गेली नव्हती, त्यामुळे ही बातमी शिरूर अनंतपाळला पोचायला चाळीसेक वर्षं लागली. एसटीच्या मानाने ठीकच.

प्रस्तुत लेखकाला ती मेमरी कार्डात मिळाली, वरातीच्या गाण्यांत चुकून घुसलेली.

हर्कची युक्ती साधी होती. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या आणि गाणारा थांबून नुसता ताल उरतो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवायचा. सप्ताहात अभंग संपता संपता टाळ-मृदंग चढतो आणि बुवांनी हात केला तरी थांबत नाही, तसं. हे ऐकून घरच्या अण्णांचा या गाण्यांना असलेला विरोध निम्म्यावर आला. उरलेला शब्दांना होता: "हे काय बडबडलालंय रे?"

पोवाडा म्हणजे आपला जुना रॅप, हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेतं. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. पोवाड्यात पराक्रम महाराजांचा असतो. रॅपमध्ये स्वतःचा, आणि बहुतेक वेळा तो अजून व्हायचा असतो. नातं लावायचंच तर कलगी-तुऱ्याशी लावावं. तिथेही समोरच्या फडाची भर सभेत उतरवायची असते.

पण जीव जडला तो पत्त्यामुळे. रॅपर पत्ता लपवत नाही. अंधेरीच्या डिव्हाइनने पिनकोडातले शेवटचे ५९ मिरवले. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' आयपॅडवर रेकॉर्ड केलं, चित्रणही त्यावरच. आणि प्रस्तुत लेखक? पुण्यात "शिरूर" म्हटलं की समोरचा खूश: "घोडनदी! जवळच की." नाही म्हटलं की शिरूर कासार, मग शिरूर ताजबंद. शेवटी "लातूरकडचा" म्हणून सुटका. रॅप कानात बसल्यापासून तो 'अनंतपाळ' आधी सांगतो, शिरूर मागून.

मराठीतही माल आहे. 'स्वदेसी' या हिपहॉप गटाचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात गटासोबत आरेचे प्रकाश भोईर आहेत. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर राजकीय रॅपवरून गुन्हा दाखल झाला, तेव्हा अण्णांना या बडबडीचा एकदम आदर वाटू लागला. "पोलीस ऐकलालेत म्हंजी कायतरी असंल."

आता मुद्द्याचं. लातूरकडच्या बोलीत यमक फुकट मिळतं: करलालो, बोललालो, हिंडलालो. ओळ कुठंही भरकटली तरी शेवटी 'लालो' उभाच. तरी इकडची पोरं माइक हातात आला की 'अपुन' आणि 'भाई' करत धारावीत शिरतात. निलंगा, देवणी, उदगीरच्या पोरांनो, विषयांना तोटा नाही: सोयाबीनचा भाव, पीकविमा, लातूरचे क्लासेस, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी. लिहा, रेकॉर्ड करा, वाटेल तेवढ्या शिव्या घाला. तेवढं 'अपुन' मात्र सोडा.