वरचे ७९८ फूट

(रंगमंचावर एक स्टूल. साठीचा गृहस्थ येतो. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. दोन्ही हातांची बोटं ब्रेक धरल्यासारखी वाकलेली. शेवटपर्यंत ती तशीच राहतात.)

नमस्कार! (हात जोडायला जातो. बोटं सरळ होत नाहीत.) असू द्या. गेल्या मंगळवारपासून आमचा नमस्कार एवढाच.

मी मोजणी खात्यात होतो. ३४ वर्षं. वीतभर बांधापायी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे आणि मधे मी, टेप धरून! अशा माणसाला बायको-मुलीने लडाखला नेलं. लेहला उतरल्या उतरल्या सांगितलं, दोन दिवस नुसतं पडून राहा. साडेअकरा हजार फूट उंची, हवा विरळ. म्हटलं, हे आमच्या साहेबांना लेखी कळवा. मी ऑफिसात पडून राहिलो की मेमो यायचा.

तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, खारदुंग ला! गाडीने वर नेतात, सायकलवरून खाली यायचं. ४० किलोमीटर नुसता उतार. पेडलसुद्धा मारायचं नाही!"

पेडल न मारता ४० किलोमीटर! हो म्हणालो. फुकटचं काही दिसलं की माझं असंच होतं.

वर गेलो. पताका फडफडतायत, लोक बोर्डाला बिलगून फोटो काढतायत. बोर्डावर काय? १८,३८० फूट. आणि खरी मोजणी किती? १७,५८२! करा वजाबाकी. करा, मी थांबतो... ७९८ फूट! अहो, यातल्या एका फुटासाठी आमच्याकडे तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मी एका जवानाला गाठलं. म्हटलं, "इसका निमताना, मतलब फिरसे मोजणी होना चाहिए." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "अंकल, आपको हवा लग गई है. नीचे जाइए."

मग सायकल. माझी सायकल म्हणजे कॅरिअरला साखळी बांधलेली, घंटी सोडून सगळं वाजणारी. हिला डिस्क ब्रेक, पुढे शॉकअप. लडाखी पोरगा म्हणाला, "अंकल, आगे का ब्रेक अकेला मत दबाना."

"दबाया तो?"

"आप साइकिल से पहले लेह पहुँच जाओगे."

(स्टुलावर बसतो. पुढे झुकतो.)

निघालो. काय तो देखावा! समोर स्टोकची हिमशिखरं, खाली सिंधूचं खोरं, त्यात लेहची हिरवी चिंधी... हे सगळं मला बायकोने सांगितलं. ती मागच्या गाडीत होती, जर्दाळू खात. मी काय पाहिलं? पुढचं चाक आणि त्याच्या पुढचा दीड हात. खडी. वितळलेल्या बर्फाचा ओहोळ. खडी. लष्कराचा ट्रक. त्याच्या मागे ट्रक. त्याच्याही मागे... (मान फिरवत मोजतो) ...अकरा!

मागून हाक, "अहो, डावीकडे बघा ना, काय सुंदर आहे!"

डावीकडे दरी होती. सुंदर असेल. मी हद्द कायम करून उजवीकडेच राहिलो. ट्रकवाले काय बोलले ते हिंदीत होतं, पण समजलं.

वाटेत साउथ पुल्लूला चहाला थांबलो. म्हणजे सायकल थांबली. बोटं ब्रेकवरून सुटेनात! मुलीने एकेक बोट सोडवलं, चिकटलेला लाडू सुटा करावा तसं. चहा बायकोने पाजला, फुंकर मारून. शेजारच्या टेबलावरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "देखो, इस उमर में भी!"

संध्याकाळी साडूंचा फोन. पाटबंधारे खात्यातले, म्हणजे जन्माचे प्रतिस्पर्धी. फोन बायकोने कानाशी धरला.

"काय हो, सायकलवरून आलात म्हणे? किती उंचावरून?"

(लांब विराम. वाकडी बोटं डोळ्यांसमोर धरून पाहतो.)

"अठरा हजार तीनशे ऐंशी."

"नक्की? मी तर साडेसतरा ऐकलं."

"सरकारी बोर्ड आहे, साडू! सरकार काय खोटं मोजेल?"

(अंधार.)