सांगायची किंमत

चोपड्याच्या बैलबाजारात मी एकदा कायद्याप्रमाणे वागलो. तेव्हापासून आप्पा मला बाजारात नेत नाहीत.

मी बी. कॉम.च्या पोरांना भारतीय करार कायदा, १८७२ शिकवतो. एकानं प्रस्ताव मांडला, दुसऱ्यानं तो विनाअट स्वीकारला, मोबदला ठरला, की झाला करार. आखाजी आटोपल्यावर आप्पांसोबत बैलजोडी बघायला निघालो, तेव्हा मनात म्हटलं, यात अवघड ते काय?

आप्पा बैलांचे दात बघत होते. चेहरा असा, की वाट चुकून इकडं आले असावेत. मला मात्र जोडी आवडली आणि ती आवड मी तोंडभर दिसू दिली. मालकाला विचारलं, "काय किंमत, बाबा?"

"सव्वा लाख."

"घेतली!"

आप्पांनी बैलाचं तोंड सोडलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. पण सगळ्यात जास्त हादरला तो मालक. सव्वा लाखाला कुणी घासाघीस न करता हो म्हणतो, म्हणजे या बैलांत आपल्यालाच न दिसलेलं काहीतरी आहे! त्यानं कासरा आवळून धरला. "तुम्ही इचारं, मी सांगं. देसू अस कव्हय म्हनं?"

मी कलम सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्यानं मला १८९३ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल ऐकवला होता. जमैकातल्या एका मालमत्तेसाठी हार्वेनं फेसीला तार केली: विकणार का? कमीत कमी किंमत कळवा. फेसीनं नुसता आकडा कळवला, ९०० पौंड. हार्वे म्हणाला, मंजूर. न्यायाधीश म्हणाले, कसलं मंजूर? त्यानं किंमत सांगितली, विकतो असं म्हणालाच नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानंही १९५१ मध्ये मडिकेरीच्या एका बंगल्याबाबत हेच धरलं. १०,००० च्या खाली देणार नाही, याचा अर्थ १०,००० ला देतो असा होत नाही. हे दोन्ही खटले मी दरवर्षी शिकवतो, वर परीक्षेला हमखास येतील म्हणून बजावतो.

खानदेशात त्यासाठी लंडनपर्यंत जावं लागत नाही. सांगायची किंमत वेगळी आणि द्यायची वेगळी, हे शेंबडं पोरही जाणतं. केळीचा बोर्डाचा भाव पेपरात वाचायचा. कापणीच्या दिवशी व्यापारी देतो तो निराळा. मुलगी बघून गेलेले पाहुणे "कळवतो" म्हणाले, म्हणून कुणी मांडव घालत नाही. सुपारी फुटावी लागते.

मग दलाल आला. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं मालकाच्या हातावर टाकलं आणि खाली बोटं धरली. एक बोट म्हणजे एक. ते हजार की दहा हजार, हे बैलाकडे बघून ज्याचं त्यानं समजायचं. धान्याच्या यार्डात उघड लिलाव आले, पण गुरांच्या बाजारातून हे उपरणं अजून पुरतं गेलेलं नाही. मला विचाराल तर खरा प्रस्ताव हाच. ज्याला करायचा त्यालाच कळतो, शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापकाला मध्येच "घेतली" म्हणायची सोयच नाही. वर तोंडानं दोघं पावसाबद्दल बोलत होते. मालकानं तीनदा हात झटकून बाहेर काढला. आप्पा दोनदा चालू लागले आणि दोन्ही वेळा बेतानं, हाक ऐकू येईल एवढ्याच वेगानं. शेवटी आप्पांनी पाचशे रुपये इसार त्याच्या तळहातावर ठेवला आणि दलाल म्हणाला, "झाला सौदा."

कितीला, ते आप्पांनी घरी पोचेपर्यंत सांगितलं नाही. एक लाख चार हजार. म्हणजे माझा तो एक शब्द एकवीस हजारांना पडला असता. "कॉलेजात तासाला एवढे देतात का रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

आता आप्पांचे गुडघे बोलतात, शेत बटाईनं दिलंय आणि जोडी विकायची आहे. वाचकांपैकी कुणाला हवी असेल, तर किंमत मला विचारा, मी सांगेन. येताना उपरणं मात्र घेऊन या.