दोर सुटला, माणूस निर्दोष

इंग्रज माणूस दारू पितो. पण त्याच्या भाषेत तो प्यालेला सहसा सापडत नाही. सापडतो तो हातोड्यानं ठोकलेला, नाहीतर अंगभर गिलावा केलेला. जर्मनीतल्या दोन भाषाशास्त्रज्ञांनी २०२४ साली मोजदाद केली, तर या एका अवस्थेसाठी इंग्रजीत ५४६ शब्द निघाले. जर्मनांनी मोजले हे बरं झालं. खुद्द पिणारे मोजायला बसते, तर आकडा दुप्पट दिसला असता.

हा उद्योग जुना आहे. १३ जानेवारी १७३७ रोजी फिलाडेल्फियाच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं पिणाऱ्यांचा शब्दकोशच छापला. त्यात दोनशेच्या वर शब्दप्रयोग: गृहस्थांनी न्याहारीला दीड बेडूक खाल्ला, त्यांना दोन चंद्र दिसले, ते जेरुसलेमला निघाले, राजा त्यांचा भाऊबंद लागतो. फ्रँकलिनचं निदान असं, की इतर दुर्गुण एखाद्या सद्गुणाचं नाव उसनं घेऊन मिरवतात. दारूबाजीच्या शेजारी तसा एकही सद्गुण राहत नाही, म्हणून आडवळणानं बोलावं लागतं. खरंच आहे. कंजुषाला काटकसरी म्हणता येतं. गटारात पडलेल्याला काय, जमिनीवरचा माणूस म्हणणार?

खलाशांनी मात्र सोय काढली. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे पार तर्र. यातली शीट ही चादर नव्हे, शिडाला ताणून धरणारा दोर. असे तीन दोर वाऱ्यावर सुटले की शिडं फडफडतात आणि गलबत झोकांड्या खाऊ लागतं. थोडक्यात, खलाशी कोलमडला तर दोष दोराचा.

याच खलाशांना सुधारायला ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन निघाले. ग्रोग्रम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा डगला घालत, म्हणून आरमारात त्यांचं नाव पडलं होतं 'ओल्ड ग्रॉग'. निखळ रम पिऊन जहाजभर धिंगाणा चालतो हे पाहून त्यांनी १७४० साली हुकूम काढला: एक भाग रम, चार भाग पाणी, तेही दिवसातून दोनदा विभागून. खलाशी उपकार विसरले नाहीत. त्या पाणचट पेयाला त्यांनी 'ग्रॉग' म्हटलं, आणि ते पिऊन लटपटणाऱ्याला 'ग्रॉगी'. दारूबंदीच्या मार्गावर चार पावलं टाकणाऱ्या माणसाचं नाव दारुड्याला चिकटलं. सुधारकांनी डगला जपून निवडावा.

पुढे दोर आणि डगलेही लागेनात. हॅमर्ड, प्लास्टर्ड, स्मॅश्ड: सगळा कर्मणी प्रयोग. कुणी ठोकलं, कुणी लिंपलं, कर्त्याचा पत्ता नाही. विनोदवीर मायकेल मॅकिंटायर तर सांगतो, की उच्चभ्रू इंग्रज कुठलंही नाम यासाठी राबवतो. बागेतल्या गझीबोचाही 'गझीबोड' होतो. आपण हसायचं कारण नाही. 'मी प्यालो' असं आपल्याकडे तरी कोण म्हणतं? आपण म्हणतो, 'मला चढली'. कर्ता दारू, आपण नुसता जिना.

माणूस मोठ्या हुद्द्यावर असला की शब्दही इस्त्री करून येतो. १९६० च्या दशकात जॉर्ज ब्राउन ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांचं पिणं जगजाहीर होतं. पण छापायचं कसं? अब्रूनुकसानीचा दावा दारातच उभा. मग 'प्रायव्हेट आय' या उपहासाच्या पाक्षिकानं एक शब्दप्रयोग रूढ केला: 'टायर्ड अँड इमोशनल'. नशा तीच; खलाशाला चढली तर तो ग्रॉगी, मंत्र्याला चढली तर साहेब थकलेले आणि भावविवश.

हा शब्दप्रयोग इतका मुरला, की आता लंडनमध्ये एखादा मंत्री दिवसभराच्या कामानं खरोखर दमला आणि त्याचा गळा दाटून आला, तर ते बोलून दाखवायची चोरी. त्यापेक्षा 'जरा घेतली होती' असं सांगणंच त्याला स्वस्त पडेल.